खोटा खोकला

६ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद घे, आणि आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. चिडायचं ते नंतर चीड. फोन केला असता, पण फोन तुझ्या बाबांच्या खिशात असतो आणि तुझं नाव दिसलं की ते तो पालथा घालून ठेवतात. वर्ष होत आलं, पण सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. तुझाही जात नाही म्हणा. बापलेक एकाच कापडातून बेतलेले आणि शिवणारी मी, म्हणजे शेवटी दोष माझ्याच कात्रीचा.

बाबा बरे आहेत. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच बरे आहेत. आयुष्यभर गॅरेजमध्ये गाड्यांवर रंगाचे फवारे मारले, अर्धा रंग गाडीवर आणि अर्धा स्वतःच्या छातीत. गेल्या वर्षी जिन्याच्या मधल्या वळणावर बसून राहायचे, आठवतं ना? वर यायला दम नाही आणि खाली जायला तोंड नाही. आता एका दमात वर येतात, आणि वर आल्यावर माझ्यावर ओरडायलाही दम शिल्लक असतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध तेच आहे, मी काही जादू केलेली नाही. रोज झाडांत फिरता ते सोडू नका. रस्त्याच्या कडेनं फिराल तर नुसता धूर खाल." दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. तुझ्या बाबांची मुंगी तुझ्या बागेतून चालत गेली.

बाग तुझी आहे हे ते मान्य करत नाहीत. "नगरपालिकेची आहे," म्हणतात, जशी काही तू नगरपालिकेत चहा द्यायला जातेस. पण कुणी नुसती फांदी वाकवली तरी खिडकीतून असे ओरडतात, जणू घरच्या मुलीच्या वेणीला हात लावला.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. घरमालक आले होते. समोर भंगाराचे ढीग होते तेव्हा भाडं न्यायला त्यांचा माणूस यायचा, नाकाला रुमाल लावून. आता स्वतः येतात आणि खुर्ची दिली तरी बसत नाहीत, खिडकीपाशी उभे राहतात. "काय हवा आहे हो तुमच्याकडे," म्हणाले. मी तेव्हाच ओळखलं. मालक हवेची स्तुती करायला लागला की भाडेकरूनं ट्रंका खाली काढाव्यात. झालंही तसंच. त्यांना सगळ्या खोल्या रिकाम्या हव्यात. मोडतोड करून, रंगरंगोटी करून, खिडकीतून बाग दिसते म्हणून विकायच्या आहेत. आम्हाला ते शहराच्या टोकाला, ट्रक उभे राहतात त्याच्याही पलीकडे, खोली बघून देणार आहेत. दर रविवारी दलाल गिऱ्हाईक घेऊन येतो. लोक आमच्या खिडकीत उभं राहून फोटो काढतात आणि मी शिलाई मशीन बाजूला ओढून त्यांना जागा करून देते.

बाग झाली म्हणून बाबांना श्वास आला. बाग झाली म्हणून घर चाललं. मी ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघते. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. बाही काही बसत नाही.

तुमचं वाजलं तेही यावरूनच. तेव्हा मालकानं नुसता सूर लावला होता. हे म्हणाले, "तुझ्या साहेबांना सांग, मालकाला दम दे." तू म्हणालीस, "बाबा, बाग माझ्या खात्याची आहे. घरं नाहीत." त्यावर ते जे बोलले ते बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मुलीला कुणी असं म्हणतं का, की तुझी बाग घेऊन जा आणि पुन्हा या जिन्यावर पाय ठेवू नकोस? तू बोलत होतीस तेव्हा तुझं बरोबर वाटत होतं, ते बोलत होते तेव्हा त्यांचं. मी मध्ये गरम इस्त्री घेऊन उभी होते आणि लोकांचा उशीचा अभ्रा जळला.

तुझ्याकडे काही मागत नाही. सहज लिहिलं.

तुझी आई

ता. क. खरं म्हणजे मागतेय. पण काय मागायचं तेच कळत नाही.


२७ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पोस्टमन तुझ्या घराची पायरी चढतो हे तरी मला माहीत आहे, मी तेवढंही करू शकत नाही.

आज जे लिहिणार आहे ते वाचून हसावं की रडावं ते तू ठरव. मी दोन्ही करून बसले.

खालच्या मजल्यावरचा टायरवाला तुला ठाऊक आहे. पंक्चर काढताना ट्यूबवर कमी आणि जगावर जास्त बोलतो. त्यानं जिन्यात सगळ्यांना जमवलं आणि म्हणाला, "गिऱ्हाईक कशाला येतं? बाग चांगली दिसते म्हणून. मग बाग वाईट दिसली तर?"

मग समोरच्या नर्सबाई म्हणाल्या, "आपलीच बाग आपणच घाण करायची?"

"फक्त रविवारी," टायरवाला म्हणाला.

ज्या गल्लीनं एवढी वर्षं अर्ज करून, मोर्चे काढून भंगार हलवायला लावलं, त्या गल्लीनं हे ऐकून मान डोलावली. मीही डोलावली. बुडत्याला काडीचा आधार. आमची काडी ही अशी निघाली.

कामं वाटून घेतली. टायरवाल्यानं जुने टायर आणून पायवाटेवर टाकायचे. बायकांनी ओल्या चादरी आणि पांघरुणं झाडांवर वाळत घालायची. म्हाताऱ्यांनी बाकांवर बसून खोकायचं. दलाल कोपऱ्यावर दिसला की शिट्टी, शिट्टी झाली की खोकला. नर्सबाई आधी नाही नाही म्हणत होत्या, पण मग त्यांच्यातली हॉस्पिटलची बाई जागी झाली. "कोरडा नको," म्हणाल्या, "कोरड्यानं कुणी घाबरत नाही. खोलातून काढा. आणि मध्ये थांबा, थांबल्यावर माणूस जास्त घाबरतो."

मुख्य भिस्त अर्थात तुझ्या बाबांवर. अख्खी गल्ली त्यांच्या खोकल्याला ओळखते. आणि गंमत बघ, आयत्या वेळी खोकला येईना! गेल्या वर्षी शेजारी भिंत ठोकायचे असा यायचा, तेव्हा नको होता. आता शिट्टी झाली, दलाल समोर उभा, आणि तुझे बाबा दोनदा खाकरले आणि तिसऱ्यांदा चक्क शिंकले. टायरवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, तुमच्यावर सगळा डोलारा होता!" त्यांना एवढं लागलं की आठवडाभर न्हाणीघरात सराव करत होते. पुढच्या रविवारी मात्र असे खोकले, असे खोकले, की मला क्षणभर खरंच वाटून मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. त्यांनी डोळा मारला तेव्हा जिवात जीव आला.

जमलं ते. एक जोडपं आलं होतं, बाईनं ओढणीनं नाक झाकलं आणि दलालाला म्हणाली, "इथे काही साथ वगैरे आहे का?" दलालाचं तोंड बघायला हवं होतंस. आम्ही हसत हसत जिना चढलो.

वर आल्यावर मात्र मला कसंतरीच झालं. तुझ्या त्या पिवळ्या फुलांच्या झाडावर मी ओलं पांघरूण टाकलं होतं. त्याची एक कोवळी डहाळी वाकून गेली. मी त्याला म्हटलं, बाबा रे, माफ कर, रविवार आहे. झाड काय बोलणार. सोमवारी सकाळी आम्ही सगळे पुन्हा खाली. टायर उचलले, पायवाट झाडली, बाबांनी ती डहाळी काठीला बांधून सरळ केली. रविवारी घाण करायची आणि सोमवारी आपणच काढायची, असं आमचं चाललंय. यात कोण शहाणं आणि कोण वेडं, तू शिकलेली आहेस, तूच सांग.

आई


१९ मार्च

बाई गं,

तुझं कार्ड मिळालं. "आई, हे ताबडतोब बंद करा." बस्स. वर काही नाही, खाली काही नाही. आई बरी आहे का, बाबा जेवतात का, काही नाही. ताबडतोब हा शब्द तू कधी घरात वापरला नव्हतास. ऑफिसातून आणलास वाटतं.

मी टायरवाल्याला सांगितलं, आता पुरे. का ते सांगता येईना, कारण तुला लिहिते हे कुणाला ठाऊक नाही. तो म्हणाला, "काकू, एवढा एक रविवार." तो एक रविवार झाला आणि मग बागेच्या तोंडाशी नोटीस लागली.

नोटीस तुला माहीतच आहे, पण मला पुन्हा लिहू दे, लिहिलं की कधी कधी कळतं. बागेपलीकडे ती उंच इमारत झाली, बागेच्या मागून आली आणि तिखट झाली, तिथल्या लोकांनी तक्रार केली. बागेत आजारी माणसं घोळक्यानं बसतात, खोकतात, आमच्या घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत. म्हणून आता बागेला कुंपण. कुंपणाला फाटक. फाटकावर पास. आणि पास कुणाला, तर ज्याची छाती स्वच्छ आहे असा डॉक्टरचा दाखला आहे त्याला. हरकत असेल तर सुनावणीला या.

खाली तुझी सही.

बाबांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं आता भडकणार. पण म्हणाले, "सही बघ हिची. शाळेत प्रगतिपुस्तकावर माझी सही चोरून करायची ना, तेच वळण आहे अजून." आणि फिरायला न जाता घरी आले.

मी नर्सबाईंना विचारलं, यांना दाखला मिळेल ना? आता तर किती बरे आहेत. त्या म्हणाल्या, "काकू, बरे आहेत. स्वच्छ नाहीत. काकांची छाती आता स्वच्छ कधीच म्हणता येणार नाही. कुठला डॉक्टर खोटं लिहील?"

म्हणजे ज्याची छाती धडधाकट, त्यानं झाडांत फिरायचं. ज्याला श्वास कमी पडतो, त्यानं बाहेर रस्त्यावर. हे मी नीट वाचलं ना? की माझंच काहीतरी चुकतंय? औषधाच्या दुकानावर पाटी लावायची, आजाऱ्यांना प्रवेश नाही, असंच झालं ना हे?

आणि तू! बाग करताना फाटक नको म्हणून साहेबाशी भांडलीस ती तूच ना? जेवायचं ताट पुढ्यात घेऊन तू आम्हाला सांगत होतीस, फाटक आलं की फाटकावर माणूस येतो आणि माणूस आला की तो कपडे बघून आत सोडतो. बाबा त्या दिवशी गल्लीभर सांगत फिरले होते. मग आता ही सही कशी झाली? बाबांवरचा राग काढतेस का? की वरून दाबलं? की तुझ्या ऑफिसात सही आपोआप होते, आमच्या मशीनला पाय लागला की टाका पडतो तशी?

मला तुझा फार राग आला आहे. आणि त्याच वेळी असंही वाटतं, की तू एकटी खोलीवर येऊन जेवलीस की नाही कुणास ठाऊक. दोन्ही एकदम कसं वाटतं तेही कळत नाही.

बाबा आता सकाळी कॉटवर बसून खिडकीतून बाग बघतात. फाटक अजून बसलेलं नाही. मी म्हटलं, अजून कुणी अडवत नाही, जा की. म्हणाले, "हाकलल्यावर निघण्यापेक्षा आधीच निघालेलं बरं."

आई


९ एप्रिल

भिंगरी,

सुनावणीत तू समोर बसली होतीस, मी समोर बसले होते, तरी मला पत्रच लिहावं लागतंय. काय दिवस आलेत बघ.

तुझ्या बाबांना आणायचं फार मनात होतं. ते आले नाहीत. "तिथे खोकला आला तर?" म्हणाले. नंतर म्हणाले, "नाही आला तर?"

तू आत आलीस तेव्हा सगळे उठले, म्हणून मीही उठले. बारीक झाली आहेस. केस कापलेस ते चांगलं केलंस, पण मागून वाकडे कापलेत, कुणाकडून तरी सरळ करून घे. तुझ्या शेजारचे ते मोठे साहेब सारखे घड्याळ बघत होते. टायरवाला मला हळूच म्हणाला, "काकू, काही बोलायचं नाही. खोकला खरा म्हणालो तर फाटक बसतंय आणि खोटा म्हणालो तर आपण तुरुंगात बसतोय." इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मध्ये आमची गल्ली चपला काढून उभी.

मग ती उंच इमारतीतली बाई बोलायला उठली. खरं सांगू? मी मनात तिच्यासाठी चार शब्द घोटून आणले होते. सगळे विसरले. ती काही भांडकुदळ नव्हती. "माझे सासरे चाकाच्या खुर्चीत असतात," म्हणाली, "नुकतेच न्यूमोनियातून उठलेत. त्यांना झाडांखाली नेलं की दोन घास जास्त जातात. आणि तिथे माणसं बाकांवर बसून खोकतात, आम्ही जवळ गेलो की जास्तच खोकतात. दर रविवारी. मी त्यांना घरात ठेवलंय. मी दुसरं काय करायचं?"

काय करायचं? मला विचारलं असतं तर मीही फाटकच मागितलं असतं. तिची भीती खरी होती. आणि ती आम्हीच मापानं शिवून तिच्या अंगावर घातली होती. आम्ही घाबरवायला गेलो दलालाला, आणि घाबरला कोण, तर एक आजारी म्हातारा. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

तू विचारलंस, "गल्लीतलं कुणी बोलणार आहे का?" टायरवाला जमीन बघत होता. नर्सबाई ड्यूटीवर. म्हणून मी उठले. काय म्हणून हाक मारायची तेच सुचेना. शेवटी म्हटलं, "मॅडम."

तुझं पेन थांबलं ते मी बघितलं.

"बोला, बाई," तू म्हणालीस. तुला जन्म दिला त्याला इतकी वर्षं झाली, तुझ्या तोंडून बाई ऐकायची वेळ कधी आली नव्हती.

मग तूच विचारलंस, "तुमच्या गल्लीत खोकल्याचा आजार आहे, हे खरं आहे का?"

"खोटं आहे," मी म्हटलं. "खोकला खोटा आहे."

काय गलका झाला! टायरवाल्यानं डोळेच मिटून घेतले. साहेबांनी पहिल्यांदा घड्याळावरून मान वर केली. "म्हणजे तुमच्या घरी कुणालाच काही त्रास नाही?"

"आहे, साहेब. आमच्या यजमानांची छाती गेलेली आहे. त्यांचा खोकला आधी खरा होता. बाग झाल्यावर तो खोटा करावा लागला."

मग मी थांबलेच नाही. दलाल, रविवार, शिट्टी, चादरी, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, बागेनं माणूस बरा होतो म्हणून तुमची माणसं भाषण करून गेली होती ना, तो बघा झाला बरा, इतका बरा झाला की न्हाणीघरात खोकल्याचा सराव करावा लागला. आता तुम्ही त्यालाच बाहेर काढा.

उंच इमारतीतली बाई माझ्याकडे वळली. "तुम्ही नाटक करत होतात? माझे सासरे इतके दिवस घरात कोंडून पडलेत."

माफी मागायची होती गं. तोंडातून निघालं, "त्यांना घेऊन या. आता कुणी खोकणार नाही." मागे दोघंतिघं हसली. ती हसली नाही. मला माझं वाक्य परत घ्यावंसं वाटलं, पण बोललेलं थोडंच उसवता येतं.

तू लिहीत होतीस. मान वर केली नाहीस. उठताना मात्र स्वतःसमोरचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवलास. एवढंच.

आता मला सांग. खोकला खोटा आहे हे तुला माहीत होतं. मीच तुला लिहून कळवलं होतं. मग तू ते स्वतः का नाही सांगितलंस? आईला सगळ्यांसमोर उभं करून का वदवून घेतलंस? बसमधून येताना मला आधी वाटलं, पोरीनं आपल्याला तोंडघशी पाडलं, स्वतःची खुर्ची राखली. मग वाटलं, ती बोलली असती तर म्हणाले असते, आईबापासाठी बोलते. मी बोलले म्हणून ते खरं ठरलं. तिनं मला वाट करून दिली. मग पुन्हा पहिलं वाटायला लागलं. उतरायचा थांबा निघून गेला आणि मी पुढच्या थांब्यावरून चालत आले.

बाबांना सगळं सांगितलं. आधी तर रुसलेच. "शिंकलो ते पण सांगितलंस?" नाही म्हटलं. मग म्हणाले, "कशी दिसत होती?"

"बारीक झालीय."

उठले, चपला घातल्या आणि बागेत गेले. फाटक अजून बसलं नव्हतं ना.

आई


२ जुलै

भिंगरी,

पत्ता बदलला आहे, पाकिटावर लिहिलाय. मालकानं अखेर खोल्या रिकाम्या करून घेतल्या. एकेक करून सगळे गेले. आधी टायरवाला, मग नर्सबाई, मग आम्ही. त्यात फार सांगण्यासारखं काही नाही. खोकला बंद झाल्यावर गिऱ्हाईक परत येणारच होतं. मी खरं बोलले, त्यानं बाग वाचली आणि त्यानंच घरंही लवकर गेली असतील. नसतील. कोण जाणे.

तुझा हुकूम आम्ही निघायच्या आधीच्या आठवड्यात लागला. कुंपण नाही, फाटक नाही, दाखला नाही, बाग सर्वांना सदैव खुली. बाबांनी तो मोठ्यानं वाचला आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळे वर जाऊन सामान बांधायला लागले. फाटक नाही, तरी आम्ही बाहेरच. तू लढलीस, जिंकलीस, मला तुझा अभिमान आहे, तो लिहून ठेवते, नंतर राहून जाईल. पण खुली बाग आणि आमच्यामध्ये आता दोन बस आहेत.

पहिले काही दिवस बाबा जायचे. एक बस, मग थांब्यावर धुरात उभं राहायचं, मग दुसरी. बागेत पोहोचेपर्यंत धाप लागलेली. बाकावर बसून ती उतरवायची आणि पुन्हा उलटा प्रवास. जाण्यायेण्यात जेवढा श्वास जायचा तेवढाच बाग परत द्यायची, पदरात काही उरायचं नाही. एक दिवस म्हणाले, आज नको. मग रोजच आज नको झालं.

इथे इमारती ओळीनं आहेत, नव्या आहेत, नळाला पाणीही चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण खिडकी उघडली की ट्रकची धूळ थेट मशीनवर. पांढरं कापड हातात घेत नाही मी आता. आणि बाबांचा खोकला परत आला आहे. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं मस्करी करतायत. म्हटलं, पुरे आता नाटक. म्हणाले, "कुणासाठी करू?"

इमारतीच्या मागे एक मोकळी जागा आहे. ट्रक तिथे वळतात आणि लोक कचरा टाकतात. इथल्या बायकांना कसं कोण जाणे कळलं, की माझी मुलगी बागा करते. दुसऱ्याच दिवशी दोघी दारात. "तुमच्या मुलीला सांगा ना, आमच्या पोरांना खेळायला जागा होईल." एकीच्या कडेवर लहान मुलगी होती, तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मी म्हटलं, सांगते. आणि त्या गेल्यावर मशीनवरची धूळ पुसत बसले. सांगायचं काय? बाग झाली की ती मुलगी बरी होणार. ती बरी झाली की कुणीतरी खिडकीत येऊन उभं राहणार आणि म्हणणार, काय हवा आहे हो तुमच्याकडे. मग ती कुठे जाणार? आम्ही कुठे जाणार? याच्या पलीकडे शहरच नाही.

मागावं की मागू नये, मला आठवडाभर कळेना. शेवटी बाबांना विचारलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता, तुला लिहिते हे त्यांना पहिल्या पत्रापासून माहीत होतं म्हणे. मला म्हणाले, "दर वेळी लिहिताना जीभ बाहेर काढतेस, दुसऱ्या कुणाला लिहिताना काढत नाहीस." मग उशीला टेकून बसले, दम घेतला, आणि सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. मध्ये मध्ये थांबले, ती जागा तू समजून घे.

"साहेबिणीला लिही." मग म्हणाले, "नाही, पोरीला लिही. म्हणावं, ये. जिना सोपा आहे इथला. येऊन मागची जागा बघ आणि बाग कर. झाडं दाट लाव. सावली इतकी पाड की धूळ आत यायला घाबरली पाहिजे. बसायला बाक टाक, म्हाताऱ्यांना पाठ टेकता आली पाहिजे. पण दिसायला चांगली करू नकोस. फुलं नकोत, कारंजं नको, रंगीत दिवे नकोत. कुणाला फोटो काढावासा वाटेल असं काही म्हणजे काही नको."

मी विचारलं, अशी बाग तिला करता येईल का? सगळं शिक्षण चांगली करण्याचं घेतलंय तिनं.

ते म्हणाले, "विचार तर खरं."

म्हणून विचारते. येईल का गं?

आई